काजव्यानं भरलेली जागा

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात एक झाकण पडलं. स्टीलचं, डब्याचं. पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं, आधी मोठ्यानं, मग बारीक, मग अगदी फरशीला चिकटून थरथरत, आणि थांबलं. सकाळची ड्यूटी करून आलेली ऋतुजा बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. झाकणाच्या आवाजानं तिचे डोळे उघडले नाहीत. उघडले ते त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही म्हणून.

"जुई?"

ती उठून आत गेली.

सहा वर्षांची जुई ओट्याखाली कुशीवर पडली होती. ओट्यावर चढून वरच्या फळीवरच्या लाडवांच्या डब्याला तिनं हात घातला होता. डबा वरच राहिला, झाकण आणि पोर खाली आली. पडताना उजवं कानशील रिकाम्या सिलिंडरच्या लोखंडी कडीवर आपटलं होतं. डोळे उघडे होते. ती आईकडे बघत होती, आई काय करते त्यावरून काहीतरी ठरवणार असल्यासारखी, आणि ऋतुजा खाली बसल्यावर मग तिनं भोकाड पसरलं.

रडली. ऋतुजाच्या जिवात जीव आला.

मागच्या दारातून सासूबाई धावत आल्या. त्यांना ती आत्याच म्हणायची. "काय झालं गं? कानावर पडली? बघू, तार निघाली का काय!"

"तारेचं काय घेऊन बसलात आत्या! डोकं आपटलंय तिचं."

तारेचं कौतुक घरात चार दिवस चाललं होतं. आत्यांकडे त्यांच्या आईची मोत्यांची बुगडी होती, आणि चुलत बहिणीच्या लग्नात जुईनं ती घालावी असा त्यांचा हट्ट. म्हणून मागच्या शुक्रवारी सोनाराकडून जुईच्या उजव्या कानाची वरची पाळी टोचून घेतली, भोक बुजू नये म्हणून सोन्याची तार घालून तिला पीळ दिला. जुईनं त्या वेळी अशी काही बोंब ठोकली की सोनारपेठेतली माणसं दुकानाबाहेर गोळा झाली. डावा कान राहून गेला.

आता त्याच कानाच्या वर टेंगूळ येत होतं. ऋतुजानं बोटांनी चाचपलं. "चल बाळा, काजव्यात घालून आणू."

मिरजेत आता असंच म्हणत. पोरगं पडलं, काजव्यात घाल. ताप आला आणि मान दुखली, काजव्यात घाल. पूर्वी सिटी स्कॅन म्हटलं की आया घाबरायच्या, आणि घाबरायलाच हवं होतं. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना आपली खूण मागे ठेवतात. लहान मुलाच्या वाढत्या पेशींमध्ये ती खूण पुढे वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन उगवण्याची शक्यता फार थोडी, पण असते. किरण कमी करावेत, तर चित्र बिघडतं. पलीकडे पोचलेल्या किरणांतूनच चित्र बनतं, आणि किरण शंभरपटीनं कमी केले की चित्रातला रवाळपणा दहापटीनं वाढतो. सगळी कवटी पिठाच्या चाळणीखाली धरल्यासारखी दिसते.

काजव्यानं ते कोडं सोडवलं होतं. जुन्या मशीनच्या शंभराव्या हिश्शाइतके किरण तो सोडायचा. जे रवाळ चित्र मिळेल ते त्याची बुद्धी साफ करायची. तिनं लाखो डोकी पाहिलेली होती. धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला आपण नुसत्या चालीवरून ओळखतो, तशी ती त्या पिठातून मेंदू ओळखायची. एवढ्याशा उजेडात पाहतो म्हणून दवाखान्यातल्या पोरांनी त्याला काजवा म्हणायला सुरुवात केली, आणि कंपनीनं ठेवलेलं नाव सगळे विसरले.

दवाखान्यात तो आणा म्हणून डीनच्या दारात सगळ्यात जास्त खेपा घातल्या त्या ऋतुजानं. ती तिथली सीनियर टेक्निशियन. जुई दहा महिन्यांची असताना तापात तिला झटके आले होते, आणि दोन महिन्यांत जुन्या मशीनवर तीन वेळा तिचं डोकं तपासावं लागलं. तिन्ही वेळा बटण ऋतुजानंच दाबलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तिचं मन झालं नाही. निघालं काय, तर डाव्या कानशिलामागे पाण्याचा एक छोटासा बुडबुडा. जन्मापासूनचा, निरुपद्रवी. झटके पुढे आपोआप थांबले. पण ते तीन उजेड जुईच्या अंगात राहिले, असं ऋतुजाला वाटायचं. पोरीला आंघोळ घालताना तिचा हात मानेखाली, काखेत गाठ शोधत फिरायचा. आजवर काही सापडलं नव्हतं. हात फिरायचा थांबला नव्हता.

दवाखान्याच्या बोळात बाकावर त्यांच्या आधी एक मुलगी बसली होती. हिरवा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, कानात जाड सोन्याच्या बाळ्या. आठ-नऊ वर्षांची असेल. बेडगेहून वडिलांबरोबर मोटारसायकलवरून येताना खड्ड्यात उडाली होती. तिनं जुईचा हात उघडून त्यात आपल्या पिशवीतले शेंगदाणे ठेवले.

"तुज्या कानात एकच का गं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या वेळी मी पळून गेले," जुई म्हणाली.

मुलगी हसली, मग वडिलांच्या दंडाला डोकं टेकून म्हणाली, "दादा, मला झोप येतीया."

तेवढ्यात तिचा निकाल आला. ड्यूटीवरचा टेक्निशियन अल्ताफ मुजावर दारातून म्हणाला, "दादा, सरळ आहे चित्र. न्या घरी." वडील उठले, मुलीला खांद्यावर घेतलं. ऋतुजाच्या अंगावर गणवेश नव्हता, तरी तिला ओळखून त्यांनी मान लववली. "सोडलं बगा ताई. उगंच घाबरलो. हिचा डोळाच लागलाय आता."

"झोपू द्या तिला," ऋतुजा म्हणाली. "दमलीय."

हेही आता असंच होतं. पूर्वी डोक्याला मार लागलेलं पोर रात्रभर निरीक्षणाच्या खाटेवर असायचं. नर्स तासातासाला उठवायची, डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारायची, नाव विचारायची. काजवा आल्यावर त्या खाटा हलवल्या. चित्र सरळ तर बघायचं काय?

"ताई, तार काढायची का?" अल्ताफनं विचारलं.

आत्या पुढे झाल्या. "आठवडासुद्धा झाला नाही. भोक बुजेल."

ऋतुजानं जुईच्या कानाकडे पाहिलं. पाळी अजून लाल, सुजलेली. "राहू दे. काजव्याला चालतं."

सोनं हाडाहूनही दाट. किरण त्यात अडकतात, पलीकडे पोचत नाहीत. जुन्या मशीनवर कानातल्या दागिन्यापासून सगळ्या चित्रावर काळे-पांढरे फराटे उठायचे, आणि त्या फराट्यांखाली काय आहे ते दिसायचं नाही. म्हणून आधी दागिने उतरवा, मग टेबलावर घ्या. बारशापासून कानात घट्ट बसलेल्या बाळ्या, नथी, कडदोरे. पोरं रडायची, आज्या भांडायच्या. काजवा फराटे पुसायचा आणि पुसलेली जागा भरायचा. कशानं भरायचा, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. दागिने काढायला लावू नका, पोरं आधीच घाबरलेली असतात, हे सगळ्या नव्या टेक्निशियनना ऋतुजानंच शिकवलं होतं.

चित्र झालं. पुण्यात बसून आजूबाजूच्या जिल्ह्यांची चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर सबनीसांनी चहा पिऊन होईतो उत्तर पाठवलं. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही.

"हुश्श," आत्या म्हणाल्या. "आता लाडू खाली ठेवत जाईन बाई."

निघायचंच होतं. आत्या जुईला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या, आणि ऋतुजा सवयीनं अल्ताफच्या खोलीत शिरली. म्हणाली, "बुडबुडा बघू दे माझ्या पोरीचा. पाच वर्षं झाली." एखादी बाई मुलीच्या पाठीवरचा जन्मखुणेचा डाग बघते, तेवढ्याच मायेनं.

अल्ताफनं चित्र पुढे सरकवलं. बुडबुडा होता. डावीकडे, वाटाण्याएवढा, एका बाजूला जरा चेपलेला. ती हसली.

मग तिला उजवीकडचा दिसला.

वाटाण्याएवढा. एका बाजूला जरा चेपलेला.

"नवीन झाला काय हा?" अल्ताफ म्हणाला. "वाढताना होत असतील, नाही?"

ऋतुजानं एक थर खाली घेतला, एक वर. डाव्या बुडबुड्याच्या कडेला जिथे खाच होती, तिथेच उजवीकडेही खाच. डावीकडे जी रक्तवाहिनी वळून जात होती, ती उजवीकडेही तशीच, तितक्याच वळणानं. माणसाच्या डोक्याच्या दोन बाजू सारख्या असतात, पण इतक्या नसतात. हे आरशातलं होतं. आणि आरसा सुरू होत होता बरोबर तारेपासून.

काजव्याला जुईचं उजवं कानशील दिसलंच नव्हतं. सोन्याच्या तारेमागे तिथे अंधार होता. त्यानं फराटे पुसले, आणि रिकाम्या जागेत काय असायला हवं म्हणून डावी बाजू उचलून, उलटी करून तिथे ठेवली. मार जिथे लागला होता नेमक्या त्या जागी. खाली काहीही असू शकत होतं.

बाहेरून आत्यांची हाक आली. "ऋतुजा, अगं इकडे ये! उलटी केली हिनं. आणि डोळे मिटतीय सारखी."

तिनं फोन लावला तेव्हा पडद्यावर डॉक्टर सबनीस फाइल बंद करत होते.

"सर, जुईचं चित्र परत बघाल?"

"बघितलं की. छान आहे. आइस्क्रीम खायला घाल तिला."

"बुडबुडा दोन्हीकडे दिसतोय."

"असतो काही जणांना."

"हिला नाही. पाच वर्षांपूर्वीची चित्रं काढा सर. मी पाठ केलीयत ती."

कळफलकाचा आवाज. मग आवाज थांबला. सबनीस चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ आले.

"कड बघा," ऋतुजा म्हणाली. "खाच बघा. उजवी बाजू खरी नाही सर. तार होती कानात. मीच राहू दिली."

"तार काढ. काजव्यातच परत घे."

"नाही. पूर्ण उजेड हवा. जुन्या मशीनवर मुलांसाठी घातलेलं लॉक काढा."

"ऋतुजा, लहानपणी तीन झालेत तिचे. तूच मला आकडे पाठवायचीस, रात्रीबेरात्री. चौथा कशाला? तार नसेल तर काजव्याला दिसेल."

"दिसेल. पण रक्ताचा थर हाडाला चिकटून कागदाएवढा असतो सुरुवातीला. काजवा परत म्हणाला सरळ, तर ते त्यानं पाहिलेलं की भरलेलं, सांगू शकाल तुम्ही? मी आई आहे म्हणून विचारत नाही. सांगू शकाल?"

सबनीस गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचीच ऋतुजाला जास्त भीती वाटली. कारण ते तिच्या एकटीच्या पोरीबद्दल गप्प नव्हते.

"काढतो लॉक," ते म्हणाले.

जुईला टेबलावर आणलं. अल्ताफ वायरमनकडून बारीक पक्कड घेऊन आला, पण पीळ कुठून सोडवायचा ते त्याला उमगेना. आत्यांनी त्याला बाजूला सारलं. "सरक बाबा. सोनारानं पीळ कुठल्या अंगानं घातला ते मी बघत होते." त्यांनी वाकून नखानं पीळ धरला, उलटा फिरवला. सुजलेल्या पाळीतून तार ओढताना रक्ताचा थेंब आला.

जुई ओरडली नाही. हलली नाही. शुक्रवारी जिनं सोनारपेठ डोक्यावर घेतली होती, तिनं भुवईसुद्धा आक्रसली नाही.

आत्या तार मुठीत धरून तशाच उभ्या राहिल्या. "रडत का नाही गं ही?" त्या कुजबुजल्या. "ऋतुजा, रडत का नाही?"

"बाहेर व्हा आत्या."

काचेमागे ऋतुजा खुर्चीवर बसली. अल्ताफ म्हणाला, "ताई, मी दाबू?" तिनं मान हलवून नको म्हटलं. पाच वर्षं ती ज्याला घाबरत आली, तो उजेड तिच्या बोटाखाली होता. दाबला तर अंगात राहणार. नाही दाबला तर कदाचित पोरच राहणार नाही. टेबलावर जुईची पावलं उघडी पडली होती, तळव्याला स्वयंपाकघरातलं पीठ लागलेलं. ऋतुजानं बटण दाबलं.

मशीन घरघरलं. काजवा कधी आवाज करायचा नाही. हे जुनं, ओळखीचं घोंघावणं होतं, आणि ते सरेपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला.

चित्र एकेक थर करत खाली उतरलं. डावीकडे बुडबुडा. उजवीकडे बुडबुडा नव्हता. तिथे हाडाच्या आतून चिकटलेली पांढरी शुभ्र फोड होती, भिंगासारखी फुगीर, आणि ती मेंदूला हळूहळू डावीकडे ढकलत होती. हाडात केसासारखी चीर. कानशिलाची धमनी फाटून कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साठत होतं. काजव्यानं ते सगळं झाकून त्यावर डाव्या बाजूचा निरोगी मेंदू रंगवला होता.

मग सगळं भराभर झालं. मेंदूच्या सर्जनबाई जेवत्या ताटावरून उठून आल्या. ऋतुजानं सही केली. नवरा अभिजित रत्नागिरीला बंदराच्या कामावर होता, फोनवर तो आधी "पण नॉर्मल आलं होतं ना?" एवढंच तीन-चारदा म्हणत राहिला आणि मग म्हणाला, "निघालो." शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार मिटलं. आत्या जमिनीवर बसल्या. त्यांनी मूठ उघडली, तर तारेचा वळ तळहातात उमटला होता.

"मीच मेली बुगडी बुगडी करत बसले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काढा म्हणाला असतात, तरी मी राहू दिली असती," ऋतुजा म्हणाली. आणि हे बोलताना तिच्या डोळ्यांसमोर एक हिरवा फ्रॉक आला.

जाड सोन्याच्या बाळ्या. दोन्ही कानांत.

ती धावतच बोळातून गेली. "अल्ताफ! बेडगेची मुलगी! तिच्या बाळ्या काढल्या होत्यास?"

अल्ताफनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं फोन आधीच हातात घेतला होता. तोही तेच मोजत बसला होता, एकटा. "बंद लागतोय ताई. मघापासून बंदच लागतोय."

गावात फोन फिरले. पोलिसपाटलानं घरी माणूस पाठवला. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरीला दवाखान्यात दाखवून ते तसेच अथणीकडे लग्नाला जाणार होते. कुणाच्या लग्नाला ते काही ठाऊक नाही. अल्ताफनं काजव्यातलं तिचं चित्र उघडलं. दोघं बघत राहिले. सुंदर, स्वच्छ चित्र होतं. दोन्ही कानांपाशी सोनं होतं, आणि दोन्ही कानांमागे निरोगी मेंदू होता, आणि त्यातला किती तिचा होता हे सांगायला जुईच्या पाच वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यासारखी कुठलीच खूण नव्हती.

"अशी किती असतील ताई?" अल्ताफनं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "नको. आज नको."

डॉक्टर सबनीसांनी संध्याकाळी सगळ्या दवाखान्यांना कळवलं: अंगावर धातू असताना काढलेलं एकही चित्र ग्राह्य धरू नये. काजव्याच्या दारावर कुणीतरी 'बंद आहे' असा कागद चिकटवला. पण दारापाशी बायका येतच राहिल्या, पोरांना कडेवर घेऊन, आणि कागद वाचून अल्ताफला विचारत राहिल्या, "मग आता कशात घालायचं?" ऋतुजानं कोठीतून दोन जुन्या खाटा ओढून आणायला सांगितल्या.

सकाळी ऋतुजाच्या हाकांनी जुई शुद्धीवर आली. डोक्याला पांढरं बँडेज, अर्धे केस गेलेले. डावा हात हलला, मग उजवा हलला. ऋतुजा दोन्ही हातांची बोटं एकेक करून दाबत राहिली आणि जुई "गुदगुल्या होतात" म्हणाली, तेव्हा कुठे दारात उभ्या असलेल्या आत्यांनी पदर तोंडावर घेतला. अभिजित रात्रभर गाडी चालवून आला होता. तो पायाशी उभा राहून नुसता पोरीच्या तळव्यांवरचं पीठ बोटानं पुसत होता.

"लाडू मिळेल का?" जुईनं विचारलं.

"मिळेल. डबाच देईन अख्खा."

ऋतुजाच्या खिशातला फोन थरथरला. अल्ताफ. तिनं बाहेर न जाता तिथेच कानाला लावला. "अजून बंदच आहे ताई," तो म्हणाला. "अथणीच्या पोलिसांना पण सांगितलंय." तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

जुई तिच्याकडे बघत होती, काल ओट्याखालून बघत होती तशीच, आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी ठरवत.

"आई," ती म्हणाली, "मला तुम्ही उठवलंत. त्या शेंगदाणेवाल्या ताईला पण झोप येत होती. तिला कुणी उठवलं का?"